लाईटची खात्री

मिरजगाव, ४ नोव्हेंबर २०२४

फलक,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर मी दुसऱ्या वाक्याला चिडतो. म्हणून लिहितो आहे. कागदावर चिडलं तर खोडता येतं. घरात आपण बोलतो ती बोली मला लिहिता येत नाही. हात बसला तो जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मराठीवर, आणि तोही आठवीपर्यंतच. पुढचं सगळं मोटरींबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकांतून शिकलो. चूक सापडली तर पेन्सिलीने खूण कर, पण आधी पुरतं वाच.

तुझा मेसेज मी पुसलेला नाही. 'चोवीस तास लाईटची खात्री द्या, अम्मीला त्याच दिवशी आणून सोडते.' यातले 'त्याच दिवशी' हे शब्द तू आपणहून लिहिलेस. मी घालून घेतलेले नाहीत.

जूनमधल्या त्या दुपारबद्दल तू संगमनेरात जे सांगतेस ते माझ्यापर्यंत येतं. कोरोनाने तिची फुफ्फुसं वाळवली, तेव्हापासून ती ऑक्सिजनच्या मशीनवर आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी वादळात खांब पडला, मशीन बंद झालं, इथवर तुझं बरोबर. पण सिलिंडर संपला नव्हता. काटा लाल पट्ट्यात होता, म्हणजे आत अजून होता. आणि आवेज गाडी घेऊन आला तेव्हा तिचे ओठ जांभळे झाले होते असं तू म्हणतेस. जांभळे नव्हते. निळसर होते.

त्याच आवेजने, तुझ्या नवऱ्याने, माझ्या दारात, चार माणसांदेखत म्हटलं, "अब्बा, इस घर में अम्मी मर जाएगी." मी त्याला म्हणालो, पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस. त्याने त्याचं वाक्य मागे घेतलेलं नाही, मीही माझं घेतलेलं नाही.

आता मुद्दा. घराच्या छतावर सोलर बसवायला सरकार अनुदान देतं. छत स्वतःचं पाहिजे, मीटर घरगुती पाहिजे, काम यादीतल्या ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं, आणि काम पुरं झालं की अनुदान सरळ बँकेच्या खात्यात. मी सगळी माहिती स्वतः वाचली, कुणाला विचारत बसलो नाही. आपलं छत माझ्या नावावर आहे. दक्षिणेला बजरंगच्या घराची पाण्याची टाकी आहे, तिची सावली कुठवर येते ते रोज खडूने आखतो आहे. प्लेटांच्या जागेपर्यंत ती पोचत नाही. म्हणजे अख्ख्या मिरजगावात अंधार झाला तरी आपल्या घरातलं मशीन चालेल. ऊन कुणाच्या खांबावरून येत नाही. रात्रीपुरता सिलिंडर भरून ठेवेन.

तिचं मशीन किती वीज खातं ते तू तिला नेण्याआधीच मी मोजून ठेवलं होतं. त्यावर एक पंखा आणि दोन दिवे धरले. तेवढ्याचंच सगळं बसवणार. मोटर बांधताना मी एक वेढा कमी टाकत नाही आणि एक जास्त टाकत नाही. उगाच जास्त तांबं कोंबणाऱ्याला मी कारागीर म्हणत नाही, घाबरट म्हणतो.

हे अम्मीला वाचून दाखव. आवेजला दाखवायची गरज नाही. त्याने विचारलं तर मात्र लपवू नकोस.

अब्बा


मिरजगाव, ९ डिसेंबर २०२४

फलक,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं की नाही हा प्रश्नच आहे. 'अब्बा, दुकानाचं काय?' एवढंच.

दुकान हलवलं. हे अनुदान घरगुती मीटरला आहे. पुढच्या खोलीत मोटर वायंडिंगचं दुकान आणि मागे घर, दोन्ही एकाच मीटरवर, असं आजवर चाललं. पण पाहणीला माणूस येतो. कनिफनाथ म्हणजे ठेकेदाराचा फिटर, कर्जतकडचा आहे, तो म्हणाला, "चाचा, चार दिस ताडपत्री टाका मशीनवर. बगायला येनारा काय ताडपत्री उचलून बगत न्हाई." मी म्हणालो, मी उचलून बघतो. खोटं दाखवून अनुदान घेणाऱ्यातला मी नाही. खोली रिकामी केली, भिंतीवरचे वॉर्निशचे डाग घासले, चुना दिला. आता तिथं पलंग टाकणार आहे. अम्मीला रस्ता दिसेल.

कनिफनाथ माणूस वाईट नाही, घाईचा आहे. पहिल्या दिवशी त्याने लोखंडी सांगाडा स्लॅबवर नुसता ठेवला आणि पायांवर सिमेंटचे ठोकळे ओतायला लागला. मी थांबवलं. म्हणालो, बीम कुठे आहे ते मी दाखवतो, तिथं भोक पाड आणि बोल्ट आत बसव.

"चाचा, घर हाय का धरन?"

"तू बसवून निघून जातोस. वारा इथंच राहतो."

मग प्लेटांचा उतार. दोन बोटं कमी निघाला. मी सगळं परत उतरवायला लावलं. त्याच्या हाताखालची माणसं माझ्याकडे बघेनात. कनिफनाथ घाम पुसत म्हणाला, "त्या सूर्याला काय कळतंय दोन बोटांचं?"

"त्याला नसेल कळत. मला कळतं."

चहा प्यायला तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "चाचीसाठी करताय व्हय हे सगळं? मग लग्नात सासुरवाडीचा मांडवबी उतरवून परत घालाय लावला आसंल तुमी." मी हसलो नाही, पण हे अम्मीला सांग. ती हसेल. हसताना तिला खोकला येतो, तेव्हा आधी उशीला टेकवून बसव.

अनुदानाच्या कामात कुठे अडलं नाही. मी खेपा घालायची तयारी ठेवली होती, सरकारला शिव्या द्यायचीही. दोन्हीचं काम पडलं नाही. आता फक्त नवं मीटर बसायचं राहिलं आहे.

तू विचारलं नाहीस, पण मी ठीक आहे.

अब्बा


मिरजगाव, २० जानेवारी २०२५

फलक,

मागच्या महिन्यात तीन पत्रं लिहिली आणि टाकली नाहीत. हे टाकणार.

नवं मीटर बसलं त्या दिवशी मी आपला वायरमन आसाराम याला म्हणालो, समोरची लाईन जरा बंद कर, आपल्या घरची लाईट कशी राहते ते बघू. बजरंग आला होता, त्याच्या घरातले आले होते, रस्त्याने जाणारे दोघंतिघं उभे राहिले. दुपारचं कडक ऊन होतं, प्लेटांवर हात ठेववत नव्हता. आसारामने लाईन पाडली. पंखा हळू झाला आणि थांबला.

बजरंग म्हणाला, "मिस्त्री, सूर्याचीबी लाईट गेली व्हय?"

सगळे हसले. मी कनेक्शन तपासायला जिन्यावर चढलो. तपासण्यासारखं काही नव्हतं. आसाराम मागोमाग वर आला आणि हळू आवाजात बोलला, ते त्याचं मोठेपण.

"नबीभाई, ह्ये असंच हाय. आमी लाईन बंद करून खांबावर चढतो. तुमच्या घरातली वीज उलटी लाईनीत आली तर मला खाली कोन आननार? म्हनून बाहीरची गेली की ह्ये आपूआप बंद पडतंय. आमच्या जिवासाठीच हाय."

त्याचं बरोबर आहे. मी त्याला चहा पाजला.

कनिफनाथला फोन केला. मी ओरडलो, त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चाचा, तुमी बोल्ट इचारला, उतार इचारला, वायरीची जाडी इचारली. ह्येच न्हाई इचारलं. मला वाटलं तुमाला म्हाईत हाय."

मी विचारलं नाही, कारण मला माहीत आहे असं मला वाटत होतं. हे वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं आहे, तेव्हा आता ते राहू दे.

तू जाऊन आवेजला सांगशील आणि तो काही बोलणार नाही. तो बोलत नाही तेव्हाच मला जास्त राग येतो.

उपाय आहे. बॅटरी लावायची आणि ती चालवणारं वेगळं यंत्र. मग लाईन गेली की घर बाहेरच्या तारेपासून आपोआप तुटतं आणि प्लेटा नि बॅटरी मिळून घरापुरतं चालवतात, आसारामच्या जिवाला धोका नाही. पण बॅटरीला अनुदान नाही. ते फक्त छतावरच्या कामाला. सरकार वीज वाचवायला पैसे देतं, लाईट जाऊ नये म्हणून देत नाही. दोन्ही एकच आहे असं गावात सगळे समजतात. मी गावातलाच.

ती सोय मी केली आहे. वायंडिंगचं मशीन आणि तांब्याचा सगळा साठा श्रीगोंद्याच्या एका माणसाने नेला. 'दुकान हलवलं' असं मी लिहिलं होतं, तिथं 'बंद केलं' असं वाच. मी स्टँडजवळच्या एका दुकानात बसतो. मालक तुझ्या वयाचा आहे, मला काका म्हणतो, माझ्या हातचं काम गिऱ्हाइकाला दाखवतो. वाईट नाही. हा भाग अम्मीला वाचू नकोस.

अब्बा


मिरजगाव, १४ मार्च २०२५

फलक,

रोज्याची सहेरी करून बसलो आहे, उजाडलं की स्टँडवर जाताना हे पेटीत टाकेन.

अनुदान जमा झालं. मोबाईलवर मेसेज आला, बँकेत जाऊन खात्री केली. अर्जापुढे हिरवी खूण आली आहे. त्यातलं बरंचसं ठेकेदाराला गेलं, उरलेलं बॅटरीत.

बॅटरी बसली. या वेळी गावाला बोलावलं नाही. एकट्याने मेन स्विच ओढून लाईन पाडली. पंखा थांबला नाही. दिव्याने डोळासुद्धा मिचकावला नाही. मी बराच वेळ पंख्याखाली उभा राहिलो.

कनिफनाथ बॅटरी जोडायला आला होता. म्हणाला, "चाचा, आजून एक घ्या. दुखनं काय मीटर बघून वाढत न्हाई."

मी त्याला कागद दाखवला. मशीन, पंखा, दोन दिवे. लाईट संध्याकाळी गेली आणि ऊन वर येईपर्यंत आली नाही, तरी पुरतं. त्याच्या वर सिलिंडर. यापेक्षा जास्त म्हणजे पैसा मातीत. त्याने कागद वाचल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बरोबर हाय. तुमचं कायम बरोबरच आसतंय." हे कौतुक नव्हतं, मला कळतं.

परवा तुझ्या अलिझाने फोन लावून अम्मीच्या कानाला धरला. तुला विचारून धरला की न विचारता, ते मी तिला विचारलं नाही. अम्मी म्हणाली, "घर कू कब लेके जाते जी?" एवढ्या शब्दांत तिला दोनदा थांबावं लागलं. पूर्वी एकदाच थांबायची. मी म्हणालो, सगळं तयार आहे, फलक म्हणेल तेव्हा.

आणि काल तुझं पत्र. पूर्ण पान. ते मी किती वेळा वाचलं ते लिहीत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात आणते, बकरी ईद घरी करू, असं तू लिहिलंस. आवेज गाडी चालवत येईल असंही लिहिलंस आणि पुढे काही लिहिलं नाहीस. त्याला म्हणावं, गाडी दारात लाव. दाराबाहेर उभं राहायचं कारण नाही.

खोलीत लोबान लावणार नाही, उदबत्ती नाही. स्वयंपाकाचा गॅस मागच्या पडवीत नेला. मशीन भिंतीपासून वीतभर दूर राहावं म्हणून फरशीवर पट्टी ठोकली आहे. ती बसेल तिथून तिला रस्ता, बजरंगचं दार आणि स्टँडकडे वळणाऱ्या गाड्या दिसतात. मी स्वतः बसून पाहिलं.

अब्बा


मिरजगाव, १८ मे २०२५

फलक,

डॉक्टरांनी अम्मीला मोठ्या मशीनवर घातलं, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. जुन्या मशीनने भागत नाही म्हणतात तर नसेल भागत. नवं किती वीज खातं ते त्याच्या मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. फोटो पाठव.

घाबरू नकोस. मी बघतो.

अब्बा


मिरजगाव, ३१ मे २०२५

फलक,

फोटो मिळाला. मोठं मशीन जुन्याच्या दुप्पट वीज खातं. मला ते वाचताक्षणी कळलं होतं, तरी आठ दिवस तुला काही लिहिलं नाही. आधी करून बघायचं होतं.

कर्जतमध्ये एका घरी जुनं छोटं मशीन पडून होतं. त्यांच्याकडच्या म्हाताऱ्याला आता त्याची गरज नव्हती. ते मागून आणलं. तेवढ्याने मोठ्या मशीनइतका भार होत नाही, म्हणून शेजारी कूलर आणि जास्तीचे पंखे जोडले. मग पाऊस येईपर्यंत थांबायचं होतं. यंदा मे महिन्यातच कसा कोसळतो आहे ते तू तिकडे बघतेच आहेस.

मंगळवारी दुपारी वादळ आलं आणि लाईट गेली. मी सगळं सुरू केलं. अम्मीची जागा रिकामी, म्हणून नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात सोडलं. बुडबुडे येत राहिले तर ठीक.

संध्याकाळी बजरंग डोकावला. त्याला वाटलं मी माझ्यासाठी लावलं आहे. म्हणाला, "मिस्त्री, पेल्याला दम लागला व्हय?" मग माझ्याकडे बघितलं आणि शेजारी बसला. नंतर त्याच्या घरून भाकरी आली.

बुधवारी उजाडायच्या आधी बॅटरी संपली. मशीन ओरडलं आणि बुडबुडे थांबले. उजाडलं, पण आभाळ भरलेलं. प्लेटांवर जेवढा उजेड पडला तेवढ्यात मशीन सुरू व्हायचं, जरा घुमायचं आणि बंद पडायचं. दिवसभर तसंच. आसाराम भिजत येऊन सांगून गेला, ओढ्याजवळ तीन खांब आडवे झालेत, मानसं कमी हायेत, नबीभाई, आज आशा धरू नका. नगरचा रस्ता पुलापाशी बंद होता. लाईट आली गुरुवारी दुपारी.

सिलिंडर धरला तर बुधवारची संध्याकाळ गाठता येते. मोठ्या मशीनवरच्या माणसाला सिलिंडर लवकर संपतो. बुधवार संध्याकाळपासून गुरुवार दुपारपर्यंत आपल्या घरात तिला श्वास देणारं काही नव्हतं. मी उलटसुलट मांडून पाहिलं. कनिफनाथची ती जास्तीची बॅटरी असती तरी गुरुवारची सकाळ गाठली असती, दुपार नाही. आणि आता ती घ्यायला विकण्यासारखं काही उरलेलं नाही. अख्खा पावसाळा अजून पुढे आहे.

कोणी बघायला आलं तर सगळं बरोबर दिसेल. छत बघ, मीटर बघ, अर्जापुढची हिरवी खूण बघ. तू आलीस आणि मी तुझ्यासमोर लाईन पाडली तर पंखा थांबणार नाही. तुझी अट पुरी झाली असं तू मानशील, आणि तिला सोडून निश्चिंत परत जाशील.

अम्मीला आणू नकोस.

आवेज जे म्हणाला ते त्याने रागात म्हटलं होतं. मी मोजून म्हणतो आहे. त्याला हे पत्र दाखव.

तुमच्या इमारतीला जनरेटर आहे, वीज दवाखान्याच्या लाईनवरून येते, ती सहसा जात नाही, तिथं ती आहे ते बरोबर आहे. मोठ्या मशीनची जाळी दर आठवड्याला धू, पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नकोस. मशीनच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणीच घाल. नळीला पीळ पडू देऊ नकोस, ती कुशीवर वळली की पडतो.

आता तिला काय सांगायचं ते. तिने पिशवी भरून ठेवली आहे असं तू लिहिलंस. खरं सांगितलंस तर ती म्हणेल, मशीन राहू दे, मला घरी ने. तिला मी ओळखतो. हातही जोडेल, आणि तुला नाही म्हणवणार नाही. मलाही नसतं म्हणवलं. म्हणून खरं सांगू नकोस. सांग, सरकारी काम अडकलं आहे. अनुदान आलेलं नाही, मीटरवाला येऊन गेला नाही, साहेबाची बदली झाली. सरकारचं म्हटल्यावर ती पुढे विचारणार नाही, कुणालाही ते पटतं. या लोकांनी माझं एक काम एक दिवस अडवलं नाही आणि मी त्यांच्यावर हे घालतो आहे.

ईदला मी संगमनेरला येणार नाही. आवेजमुळे नाही, हे त्याला नीट सांग. अम्मी माझ्या तोंडाकडे बघून विचारेल, काम कुठवर आलं जी. लग्नापासून तिने माझं काम अर्धवट राहिलेलं पाहिलेलं नाही. मी 'अजून बाकी आहे' म्हणालो तर तिला त्याच क्षणी कळेल.

त्यापेक्षा मी लिहीत जाईन. दर महिन्याला काहीतरी नवं अडलेलं असेल. तू ते तिला वाचून दाखवत जा, आणि तू स्वतः त्यातलं काही खरं धरू नकोस.

अब्बा